डेरेकच्या झाडामागचा उपग्रह

परवा शेजारच्या नव्या तरुण जोडप्यातल्या नवऱ्यानं कुंपणावरून हाक मारली. त्यांच्या परसाच्या टोकाला जे गॅरेज आहे, त्याचं छप्पर बदलायचं चाललंय. ‘इथे कोपऱ्यावर एक जुनी डिश आहे,’ तो म्हणाला, ‘आणि तिची वायर हेजच्या झुडपांतून तुमच्या घरात जाते. ही आमची की तुमची?’ मी म्हटलं, ‘भिंत तुमची, डिश आमची.’ ‘चालते अजून?’ ‘छे, किती वर्षं झाली!’ ‘मग टाकतो काढून, चालेल ना?’ चालेल म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच. ‘राहू दे ना, छपराच्या आड येत नसेल तर.’ या बाईचं काही खरं नाही, असा चेहरा करून तो पुन्हा शिडीवर चढला.

हा प्रश्न त्याला नेमका ऑक्टोबरातच पडावा याचं मला हसू आलं. त्याच्या परसातलं बीचचं झाड आता तांबूस व्हायला लागलंय. लीड्सला ऑक्टोबरात स्वच्छ ऊन पडलं की लोक आकाशाकडे जरा संशयानंच बघतात, तसं ऊन पडलं होतं. मी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी राहिले. सकाळचे साडेदहा होऊन गेले असतील. सूर्य झाडाच्या शेंड्याआड होता, आमचं सगळं परस सावलीत आणि पलीकडचं गॅरेज लख्ख उन्हात. इतरांना ऑक्टोबर म्हटलं की दिवाळीची साफसफाई आठवते. मला हे ऊन आठवतं आणि त्या उन्हात हात कपाळाला लावून उभ्या असलेल्या आई आठवतात.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, मिलिंदच्या आई. गोष्ट दोन हजार पाच सालची. आदल्या वर्षी बाबा, म्हणजे माझे सासरे, गेले होते आणि आई पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या होत्या. आम्ही हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधून नुकतेच, ऐन डिसेंबरात, या घरात राहायला आलो होतो. मिलिंद भूल देणारा डॉक्टर, मी शाळेत फिजिक्स शिकवणारी, आणि आमची मुलगी ईशा सात वर्षांची. आईंना मे महिन्यात आणायचं ठरलं, सहा महिन्यांसाठी. आईबद्दल पोटात तुटायला लागलं की मुलगे वस्तू विकत घेतात. मिलिंदनं डिश घेतली.

‘तिला दिवसभर करमायला नको का?’ तो म्हणाला. ‘आपण दोघं कामावर, ईशा शाळेत. शी नीड्स हर सीरियल्स.’

मराठी चॅनेल तेव्हा आमच्या डिशवर नव्हतं. हिंदी मात्र ढिगानं होती, आणि आईंची लाडकी मालिका हिंदीच होती. जानेवारीत, बोटं गारठून जातील अशा थंडीत, डिश लावणारा माणूस आला. इंग्लंडातली उपग्रहाची डिश आग्नेयेकडे तोंड करून बसते. घराची पुढची बाजू वायव्येकडे, तेव्हा ती मागेच लावणं भाग होतं. चिमणीवर लावायला मिलिंदनं नको म्हटलं, कारण पुढे काही झालं तर वर चढणार कोण? म्हणून ती स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वर, हात उंचावला तर जवळजवळ पोचेल अशा जागी लागली. माणसानं मीटर लावला, डिश बोटभर इकडे, बोटभर तिकडे केली आणि पडद्यावर चित्र असं आलं की नटीच्या कानातल्या कुड्यांचे मोती मोजून घ्यावेत. समोर शेजारच्या परसात हे भलं मोठं झाड होतं. पण ते तेव्हा नागडं, फांद्यांतून पलीकडची शाळेची मैदानं दिसत होती. पानझड काय असते हे आम्हाला ठाऊक होतं, इतकी वर्षं बघत होतो. पण पानझडीचा आणि टीव्हीचा काही संबंध असतो हे ज्याला सुचेल असा माणूस पुणे जिल्ह्यात जन्माला येत नाही. आमच्याकडे उपग्रह डोक्यावर असतो. झाडाची काय बिशाद मध्ये यायची!

इथे तो तसा नसतो. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, खूप उंचावर असतात. तुम्ही जितके उत्तरेला जाल तितका उपग्रह खाली खाली जातो. लीड्सहून बघावं तर तो क्षितिजापासून आकाशाचा जेमतेम पाव भाग वर. म्हणजे नेमका शेजाऱ्याच्या झाडामागे. हे सगळं मी वर्गात फळ्यावर काढून शिकवलेलं आहे, त्रिकोण, कोन सगळं. आणि जानेवारीत मी त्या माणसाला चहा करून देत होते.

जानेवारी ते एप्रिल आम्ही डिशची मजा लुटली. मिलिंदनं क्रिकेट बघितलं. मी, आईंसाठी टीव्ही नीट चालतोय ना हे तपासण्याच्या निमित्तानं, त्यांची मालिका बघितली. सासू-सुनांची मालिका सासू यायच्या आधी सुनेनं बघून ठेवावी, पुढे उपयोगी पडते. त्यातली मोठी सून दागिने घालूनच झोपायची.

मग मे महिना आला, बीचला पालवी फुटली, आणि त्याच आठवड्यात आई आल्या.

पालवी दोन-चार दिवसांत येते इथे. काल नव्हती, आज आहे, आणि परवा झाड हिरवंगार. आईंनी प्रवासाचा शीण घालवायला आंघोळ केली, देवापाशी दिवा लावला, मऊ भात खाल्ला आणि मिलिंदनं मोठ्या थाटात त्यांना सोफ्यावर बसवून टीव्ही लावला. सासूबाईंचा, म्हणजे मालिकेतल्या सासूबाईंचा, चेहरा एकदम चौकटी चौकटींचा झाला. डोळा एकीकडे, कुंकू दुसरीकडे. आवाज अडखळला आणि पडदा निळा झाला. त्यावर इंग्रजीत आलं, सिग्नल नाही.

‘जानेवारीत फुल स्ट्रेंथ होती गं आई! आय चेक्ड इट मायसेल्फ!’ मिलिंद केविलवाणा होऊन म्हणाला.

‘असू दे रे,’ आई म्हणाल्या. ‘तुला बघायला आलेय मी, टीव्ही बघायला नाही.’

मिलिंदनं पुढचे काही दिवस टीव्हीखालचा डिशचा डबा बंद करून चालू केला, वायरी काढून लावल्या, रिमोटच्या बॅटऱ्या बदलल्या. मी भांडी घासताना सहज खिडकीतून वर बघितलं आणि माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. पानात पाणी असतं, आणि पाणी हा सिग्नल पिऊन टाकतं. जुन्या काळी चित्र बिघडायचं तर हळूहळू, आधी मुंग्या यायच्या, मग जास्त मुंग्या, आणि मुंग्यांच्या आड का होईना माणूस दिसत राहायचा. गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायची आणि खालून ‘आलं, आलं... गेलं!’ ऐकायचं. नवीन पद्धतीत चित्राचे आकडे होऊन येतात. पुरेसे आकडे पोचले तर चित्र नवंकोरं, नाही पोचले तर काही नाही. मी मिलिंदला झाड दाखवलं. तो बराच वेळ त्या झाडाकडे, ऐन ऑपरेशनात पेशंटनं डोळे उघडल्यावर बघावं तसा बघत राहिला.

झाड ज्याचं, तो डेरेक. सत्तरी ओलांडलेला, एकटा राहणारा, पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. दिवसभर टीव्हीवर घोड्यांच्या शर्यती बघायचा आणि उरलेल्या वेळात भाज्यांच्या वाफ्यात असायचा. त्याची स्वतःची डिश त्याच्या घराच्या पलीकडच्या भिंतीवर, तिच्या वाटेत झाडबिड काही नाही. मिलिंद जूनमध्ये वाइनची बाटली घेऊन त्याच्याकडे गेला आणि झाडाचा शेंडा थोडा छाटता येईल का, असं अदबीनं विचारून आला. डेरेकनं सांगितलं, झाड त्याच्या वडिलांपेक्षा जुनं आहे, कौन्सिलनं त्याला संरक्षण दिलंय, डहाळी तोडली तरी दंड होईल, आणि नसता झाला तरी त्यानं तोडली नसती. बाटली मात्र ठेवून घेतली.

हे ऐकून आई रागावल्या, पण मिलिंदवर. ‘झाड तोडून मालिका बघायची? हे काय सुचतं रे तुला?’

खरं तर आईंचं आणि डेरेकचं तोवर जमलंही होतं. डेरेकच्या वाफ्यात रूबार्ब माजलेला असायचा. तो लाल देठांची जुडी कुंपणावरून द्यायचा, साखर घालून ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ करा म्हणून. आईंनी एक देठ चावून बघितला, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, ‘अगं, ही तर अंबाडीची बहीण!’ त्या दिवशी रूबार्बची आमटी झाली, गूळ आणि गोडा मसाला घालून. वाटीभर कुंपणापलीकडे गेली. डेरेकनं रिकामी वाटी परत देताना जीभ बाहेर काढून पाणी पाणी केलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी जुडी दिली. आईंना इंग्रजी समजायचं, बोलायचा संकोच होता. डेरेक यॉर्कशरचं असं काही बोलायचा की ते मलाच अर्धं समजायचं. दोघं अर्धा अर्धा तास बोलत असायची.

टीव्ही मात्र निळा तो निळाच. पण मालिका बंद पडली असं कुणी समजू नये. पुण्यात आईंच्या शेजारी सुमनताई राहायच्या. आई कोपऱ्यावरच्या दुकानातून फोनकार्ड आणायच्या, नाणं घासून नंबर काढायच्या आणि दुपारी सुमनताईंना फोन लावायच्या. सुमनताई आदल्या रात्रीचा भाग सांगायच्या. म्हणजे आमचा उपग्रह सुमनताईच. जेवताना आई तो भाग आम्हाला सांगायच्या.

‘धाकटीनं मोठीच्या दुधात काहीतरी कालवलंय,’ आई म्हणायच्या.

‘विष?’ मिलिंद घास थांबवून विचारायचा. भूल देणाऱ्याला अशा गोष्टींत रस असतोच.

‘ते सुमनताईंना नीट दिसलं नाही. त्यांच्याकडे तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.’

‘आजी, पण दूध पिला का ती?’ ईशा.

‘उद्या कळेल हो बाळा.’

हसून हसून आमची जेवणं लांबायची. पण प्रत्येक फोनच्या शेवटी सुमनताई एक वाक्य बोलायच्या, ते मी स्वयंपाकघरातून आईंच्या उत्तरावरून ओळखायचे. आई म्हणायच्या, ‘येणार हो, नोव्हेंबरात. तिकीट आहेच की.’ आणि फोन ठेवल्यावर त्या निळ्या पडद्यासमोर थोडा वेळ बसून राहायच्या. पदर मांडीवर, हात पदरावर. टीव्ही बंद करा म्हटलं तर म्हणायच्या, ‘असू दे, कधी येईल सांगता येतं का?’

आईंनी इथेच राहावं असं मिलिंदला वाटत होतं. कायम राहण्याची परवानगी काढता येईल असं त्याला कळलं होतं, फक्त आईंनी हो म्हणायला हवं होतं. त्यानं एकदा विचारलं, आई म्हणाल्या, बघू. पुन्हा विचारलं, पुन्हा बघू. आमच्याकडे बघू म्हणजे नाही, हे लहान मुलालाही कळतं. मला काय हवं होतं तेही सांगते. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. शाळेतून दमून घरी यावं आणि कुणीतरी दाराशीच ‘हात धू, पोहे गरम आहेत’ म्हणावं, याची मला त्या पाच महिन्यांत चटक लागली होती. मला आई हव्या होत्या, ईशाला सांभाळायला म्हणून नाही, माझ्या मलाच. पण हे सासूला कसं सांगायचं? मालिकेतल्या सुनांनाही ते वाक्य लिहून दिलेलं नव्हतं.

आईंना डिश नवी नव्हती, हेही सांगायला हवं. बाबा नारायणगावच्या पुढे, डोंगरांच्या मध्ये जे उपग्रहाचं केंद्र आहे तिथे तंत्रज्ञ होते. आईंचा संसार तिथल्या वसाहतीत सुरू झाला. तिथली डिश आमच्या या अख्ख्या घरापेक्षा मोठी, आणि ती फिरवायला मोटारी. तेव्हाचे उपग्रह अशक्त होते, त्यांचा आवाज ऐकायला एवढा मोठा कान लागायचा. पुढे उपग्रह दणकट झाले आणि कान लहान होत होत परातीएवढा झाला, मग ताटाएवढा. आमच्या घरच्या डिशला आई परातच म्हणायच्या. ‘यांची केवढी होती,’ त्या ईशाला हात पसरून सांगायच्या, ‘आणि त्यात टीव्ही नव्हता हो, परदेशचे फोन यायचे. आता बघ, परातीत टीव्ही येतो आणि तुझ्या बाबाला तोही धरता येत नाही.’

ऑक्टोबर आला. नवरात्रात मंडळाचा भोंडला एका चर्चच्या हॉलमध्ये झाला. बाहेर पाऊस, आत पाटावर हत्ती, आणि बायकांचे दोन फेर, आत मुली, बाहेर आया. घरी येताना गाडीत ईशानं विचारलं, ‘आई, उपग्रह पडत का नाही खाली? माझी टीचर म्हणाला तो गोल गोल फिरते. मग आपला डिश त्याच्या मागे का नाही फिरत?’ मी म्हटलं, आज भोंडल्यात तू आतल्या फेरात होतीस आणि मी बाहेरच्या. मला लांबून जायचं होतं म्हणून मी भरभर चालत होते, पण फेरी आपली एकदमच पूर्ण होत होती. तुला मी सगळा वेळ समोरच दिसत होते की नाही? तसंच. पृथ्वी आतल्या फेरात, उपग्रह बाहेरच्या. ईशाला ते पटलं. मागच्या सीटवरून आई म्हणाल्या, ‘हे यांनी मला कधी असं सांगितलं असतं तर मलाही कळलं असतं.’ मला फार बरं वाटलं. शाळेत असं कुणी म्हणत नाही.

त्या आठवड्यातला शनिवार. मिलिंद घरी होता. सकाळी, साडेदहाच्या पुढे, कुंपणावर डेरेक उगवला, लाल होऊन.

‘तुम्ही लोकांनी तुमच्या डिशला काही केलंय का?’ त्यानं विचारलं. ‘काल याच वेळेला माझं चित्र गेलं. आज पुन्हा गेलं. ऐन शर्यतीची माहिती सांगत होते आणि गेलं. तुमच्याकडे ती उभी राहिल्यापासून माझ्याकडे काहीतरी होणार हे मला माहीतच होतं.’

‘आमच्या डिशला मे महिन्यापासून काही दिसत नाही, डेरेक,’ मिलिंद म्हणाला. ‘ती तुझ्या डिशला काय करणार?’

आई तुळशीची कुंडी इकडून तिकडे सरकवत होत्या. आमच्या परसात ऊन शोधत फिरणं हे तिचं आणि त्यांचं रोजचं काम होतं. त्यांनी मला विचारलं, ‘काय म्हणतोय तो?’ मी सांगितलं. आई हसायला लागल्या. अशा हसल्या की डेरेक आणखी लाल झाला.

‘अगं, त्याला म्हणावं सूर्य आला असेल!’ त्या म्हणाल्या. ‘हे नाही का दसऱ्याच्या सुमाराला आणि होळीच्या सुमाराला जेवायला उशिरा यायचे. मी ताट वाढून बसायचे. म्हणायचे, आज सूर्य येतो, आता आठवडाभर रोज येईल, तो गेल्याशिवाय मला हलता येत नाही. मला वाटायचं, कुणी सूर्या म्हणून साहेब आहे. कितीतरी दिवस मी त्या सूर्याला शिव्या देत होते!’

डोळे पुसत त्या कपाळाला हात लावून झाडाकडे, त्यामागच्या सूर्याकडे बघत राहिल्या. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाच महिन्यांत पाहिलं नव्हतं. बाबांची आठवण त्यांनी आजवर माझ्यासमोर हसत काढली नव्हती.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षातून दोनदा थोडे दिवस, दिवसातून काही मिनिटं, सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागून जातो. सूर्यही त्याच लहरी फेकतो, आणि त्या गलक्यात उपग्रहाचा बारीक आवाज बुडतो. डेरेकचं चित्र त्यानंच गेलं होतं. आमचा आणि त्याचा उपग्रह एकच, म्हणजे या क्षणी सूर्य जिथे होता तिथेच तो होता! जिथे आत्ता ऊन, तिथून उपग्रह दिसणार. जिथे आत्ता सावली, तिथे डिश लावून उपयोग नाही. आमची डिश गडद सावलीत होती. आई रोज सकाळी तुळशीची कुंडी घेऊन जे शोधत होत्या तेच आम्हाला शोधायचं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

‘आई, कुंडी उचला!’ मी ओरडले. ‘या वेळेला ऊन कुठे कुठे असतं?’

‘आपल्याकडे कुठेच नसतं,’ आई शांतपणे म्हणाल्या. ‘सगळं त्याच्या गॅरेजवर असतं. मी रोज बघते ना.’

आम्ही सगळे वळलो. डेरेकचं गॅरेज, झाडाच्या पलीकडे, त्याच्या परसाच्या टोकाला, कोपऱ्यापासून छपरापर्यंत उन्हात न्हात होतं. मी डेरेकला सूर्याचं सगळं सांगितलं, हातवारे करून, शेवटी त्याच्या वाफ्यातल्या काठीनं मातीत आकृती काढून. त्यानं ऐकून घेतलं. तेवढ्यात त्याच्या घरातून शर्यतीचा आवाज पुन्हा सुरू झाला, तसा त्यानं घराकडे, सूर्याकडे आणि मग आईंकडे बघितलं.

‘म्हणजे माझ्या गॅरेजवर तुमची डिश हवी आहे,’ तो म्हणाला.

मिलिंदनं तोंड उघडायच्या आत आई पुढे झाल्या आणि पाच महिन्यांतलं त्यांचं सगळ्यात लांब इंग्रजी वाक्य बोलल्या. ‘नो, नो, डेरेक. युवर गॅरेज, युवर विश. ट्री इज गुड. टीव्ही नॉट नेसेसरी.’

इथे कुणालाही लावतात तसं ‘लव्ह’ लावून डेरेक म्हणाला, ‘शिडी माझ्याकडे आहे, लव्ह. त्याला म्हणावं स्पॅनर घेऊन ये.’

पुढचा तास आमच्या घराच्या इतिहासात अमर आहे. गॅरेजच्या कोपऱ्यावर शिडी, हेजमधून आमच्या घरापर्यंत ओढलेली लांब वायर, शिडीवर मिलिंद, खाली शिडी धरून डेरेक, हेजपाशी मी, मागच्या दारात ईशा आणि सोफ्यावर टीव्हीसमोर आई. डिश बोटभर हलली की आई आतून ओरडायच्या, ते ईशा मला ओरडून सांगायची, मी डेरेकला आणि डेरेक वर मिलिंदला. पुण्याच्या गच्चीवरची ती जुनी आरोळी लीड्सच्या परसात घुमू लागली. ‘आलं?’ ‘गेलं!’ ‘आता?’ ‘आलं आलं आलं... गेलं!’ थोड्या वेळानं मला मध्ये काही सांगावंच लागेना. डेरेक आपला आपणच वर ओरडत होता, ‘गेलं, मिलिंद, गेलं! लेफ्ट अ बिट!’

आणि मग आतून काहीच आवाज आला नाही. मी धावत गेले. पडद्यावर चित्र होतं, नवंकोरं. आई पुढे वाकून बघत होत्या. मालिकेतली मोठी सून आणि धाकटी सून जिन्यात उभ्या होत्या, एकमेकींकडे रोखून बघत.

‘एप्रिलमध्ये मी बघितलं तेव्हाही या इथेच उभ्या होत्या,’ मी म्हटलं.

‘एक पायरी खाली आल्यात,’ आई म्हणाल्या.

दसऱ्याच्या दिवशी आईंनी खिरापत केली आणि झाकलेला डबा घेऊन स्वतः डेरेककडे गेल्या. आधी ओळखायची, मग खायची, हा नियम त्यालाही लागू. त्यानं डबा हलवून आवाज ऐकला, नाकाशी धरला, बिस्किटं म्हणाला, केक म्हणाला, शेवटी रूबार्ब म्हणाला. होती करंजी. डबा परत आला तेव्हा त्यात त्याच्या वाफ्यातले कांदे होते.

डेरेक आता नाही. आजकाल उपग्रहाचंही कुणाला काही वाटत नाही. चित्र वायरीतून येतं, फोनमध्ये येतं, आणि ईशा लंडनजवळच्या स्लाऊला तिच्या ऑफिसातून परतताना ट्रेनमध्ये उभ्या उभ्या जगातलं काहीही बघते. मध्येच चित्र थांबलं की ते गोल चाक फिरतं, ते कशानं थांबलं हे खिडकीतून दिसत नाही. झाड दिसायचं. त्याच्यावर रागावता यायचं, आणि ऑक्टोबरात ते इतकं सुंदर व्हायचं की राग विसरावा लागायचा.

त्या वर्षीचा ऑक्टोबर सरत आला. आईंची बॅग पलंगाखालून बाहेर आली होती आणि तिच्यात एकेक वस्तू जमू लागली होती, सुमनताईंसाठी पर्स, भाचीसाठी चॉकलेटं. मी त्या खोलीत जायचं टाळत होते. दिवाळीच्या तोंडावर रात्रभर वारा सुटला आणि सकाळी उठून बघतो तर बीच साफ उघडा. आमच्या परसात, हेजवर, गॅरेजच्या छपरावर, सगळीकडे तांबड्या पानांचा खच.

आई आणि मी चकल्या तळत होतो. त्या सोऱ्यातून पाडत होत्या, मी कढईपाशी. मिलिंद खिडकीशी चहा पीत उभा होता.

‘व्हॉट अ वेस्ट!’ तो म्हणाला. ‘बघ ना आई, सगळी पानं गेली. दोन-तीन आठवडे थांबलो असतो तर जुन्या जागीच आपोआप चित्र आलं असतं. उगीच त्या डेरेकला त्रास दिला, शिडी काय, वायर काय.’

आईंनी मान वर केली नाही. सोऱ्याचा दांडा फिरवत, चकलीचा शेवटचा वेढा मिटवत त्या म्हणाल्या, ‘आणि मे महिन्यात रे? पुन्हा पानं आली की मी काय बघू, भिंत?’

मिलिंदनं चहाचा कप खिडकीत ठेवला. मी झारा हातात धरून तशीच उभी राहिले. आईंनी पुढची चकली पाडायला घेतली.

कढईतला घाणा करपला. दिवाळीत आम्ही त्या काळ्या चकल्या कुणालाही टाकू दिल्या नाहीत. डेरेकसुद्धा दोन घेऊन गेला आणि छान झाल्यात म्हणाला.